दोनशे चाळीस की चारशे ऐंशी

बटण दाबून मी कणीक भिजवायला जाते.
परत येते तेव्हा पडद्यावर
ते गोल अजून फिरतच असतं.
आतल्या खोलीतून हे विचारतात, "उठना का तुना डबा?"
मी म्हणते, कुठला, अजून तोंड धुतोय.

साडेचार मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळावर मोजलीत.
बारा साली घेतलेला संगणक,
त्यावर दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका,
तीन पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल,
जावळाच्या, साखरपुड्याच्या, उत्तरकार्याच्या पत्रिका.
अर्ध्या अमळनेरची सुखदुःखं मी टाइप केली,
पानाला पंधरा रुपयांपासून.

मार्चात आतून टक् टक् यायला लागलं.
पाल चुकचुकते तसं,
फक्त पालीला वेळेचं बंधन नसतं.

डबा जुन्या चादरीत गुंडाळला, धुळ्याची एसटी धरली.
फागण्यानंतर बसायला मिळालं, डबा मांडीवर,
शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ आहे का.

अकील पिंजारीनं झाकण उघडलं, फुंकर मारली.
"मावशी, एवढ्या धुळीत
आमच्या आजोबांनी उशी भरून दिली असती."
आजोबा गल्लोगल्ली पिंजण घेऊन फिरायचे,
तातीचा आवाज आला की बाया गाद्या बाहेर काढायच्या.
"आणि मी विकतो बिनआवाजाचा माल," तो म्हणाला,
तळहातावर एक काळी चपटी वडी ठेवली.
ना चकती, ना सुई. फिरत काहीच नाही.
कानाशी धरली. खरंच, काही नाही.

दुसरी दाखवली, च्युइंगमच्या पट्टीएवढी, कितीतरी पट वेगवान.
"पण तुमच्या बोर्डाला हिची खाच नाही.
दार अडीच फुटाचं, पलंग सहाचा, कशाला नेता?"
वर एक नावही न ऐकलेली, निम्म्या किमतीची.
ती त्यानं स्वतःच परत ड्रॉवरमध्ये टाकली.

राहिला आकडा.
दोनशे चाळीस साडेसतराशेला,
चारशे ऐंशी एकोणतीसशेला.
माझ्या सगळ्या फायली मिळून भरल्या एकवीस जीबी.
चौदा वर्षं, एकवीस.
म्हटलं, लहान दे.

तेव्हा तो सहज बोलून गेला,
हिला वाचण्याची मोजदाद नसते, मावशी,
हजारदा वाचा, झिजत नाही.
लिहिण्याची असते.
लहानीवर ऐंशी टेराबाइट लिहून होईल, मग कंपनी जबाबदार नाही.
त्यानं कॅल्क्युलेटर काढला, रोजचे दहा जीबी धरले:
बावीस वर्षं. "पुरे ना?"

मी सत्तावन्न.
बावीस मिळवले, हातचा एक धरला.
एकोणऐंशी.
बाहेर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं,
ती पीं पीं संपेपर्यंत मी काही बोलले नाही.
मग म्हटलं, मोठी दे.
त्यानं विचारलं नाही का, म्हणून
मलाही उत्तर शोधावं लागलं नाही.
केबलचे दीडशे वेगळे.

आता अकरा सेकंद.
परात फडताळातून निघायच्या आत
पडदा उजेड पाडून बसलेला.
हे सवयीनं तोंड उघडतात, "उठ...",
आणि प्रश्न तिथंच मिटतो.
पहिल्या आठवड्यात तर त्यांना काही सुचेचना,
नळाला पाणी आलं का, एवढंच विचारत राहिले.
जुनी डिस्क मी शिवणाच्या डब्यात ठेवली,
हुकांशेजारी. ती आता बोलत नाही.

काल दुपारी बेचाळीसच्या वर गेलेलं.
कुणाचंच काम नव्हतं, ना पत्रिका, ना अहवाल,
तरी मी बसले होते. कूलरचं पाणी संपत आलेलं.
हे दारात येऊन उभे राहिले,
चष्मा कपाळावर, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
"काय लिखी रायनी?"

काही नाही, म्हटलं.
आणि सेव्ह केलं.
आवाज आला नाही.